पहिली खुर्ची

बस. त्या वेताच्या खुर्चीत नको, इथं सतरंजीवर टेक. का, ते सांगतो.

इराकची लढाई आटपली त्याच्या पुढच्या साली तिकडे आखातात, मीना अब्दुल्ला गावाच्या पलीकडे वाळवंटात नवं नगर बसत होतं. शहाण्यांनी घरांआधी ट्रामचे रूळ टाकले. गाडी धावली की माणसं येतील म्हणे. फलाट तयार, पाट्या तयार, मागे नुसती वाळू. फलाटांचं शटरिंग आमचं. जलीबच्या मजूरवस्तीत एका खोलीत झोपणारे आम्ही कोकणातले सुतार.

काम धरलं तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं होतं. नवी जागा म्हटली की तिथल्या राखणदार देवाला विचारावंच लागतं, देश कुठलाही असो. नारळ ठेवून म्हटलं, "गाडी सुखरूप चालव, पहिली खुर्ची तुझी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

चाचणीच्या दिवशी साहेबाने आम्हालाच गाडीत घेतलं. काय सांगू! वऱ्हाडासारखे चढलो. आपण बांधलेल्या वाटेवरून आपणच गार हवा खात निघालो. माझा भाचा जयराम पुढच्या महिन्यात लग्नाला गावी जायचा होता. तो उडी मारून थेट पहिल्या खुर्चीत. मी डाफरलो, तर म्हणतो कसा, "मामा, तुझो राखणदार ट्रामान जाता?" सगळे खिदळले. मेलं मलाही हसू आलं.

मधल्या फलाटावर गाडी थांबली. ड्रायव्हर हात वर करून म्हणाला, मी नाही थांबवली. दारं उघडली. बाहेर भर दुपारचं ऊन, चिटपाखरू नाही. तापल्या वाळूचा वास आत आला, आणि गाडी किंचित कलली... कोणी जड माणूस चढावा तशी. दारं मिटली.

जयरामचं हसू विझलं.

"मामा... माझ्या मांडयेर कोण बसलो आसा?"

मांडी रिकामी. पण पँटचं कापड दबलेलं. ओढला तर हलेना, तोंड काळंनिळं पडत चाललं. बहिणीला काय तोंड दाखवू? मी हात जोडले. "म्हाराजा, पोर चुकलो. त्याका सोड. माझी खुर्ची घे."

बाकीच्यांची वाचाच बसलेली. तरी माझ्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

जयराम सुटला. लग्न झालं, पोरं झाली. त्या नगरात माणसं आली की नाही, देव जाणे.

गावी आल्यावर ही खुर्ची घेतली. मी एकदाही टेकलो नाही तिच्यात. तरी वेत मधे खचलाय बघ. आणि खाली मी रोज झाडतो, रोज... हात लाव त्या वाळूला. गरम आहे ना?