थाळ्यातली जागा

जुम्म्याची नमाज पढून मुनीर आखाती देशातल्या माबेला वस्तीतल्या आपल्या घरी परतला, हॉलमध्ये जेवणाचं दस्तरखान पडलं, मधोमध मोठा थाळा आला, मायलेक त्याभोवती बसले... आणि त्याच्या बायकोने, हादिजाने, रोजच्याप्रमाणे आपलं वेगळं ताट उचलून किचनचा ओटा गाठला. मूळच्या रत्नागिरीच्या या कुटुंबात सगळे एकाच थाळ्यात जेवत. पण मावशीच्या लेकीला, आफरीनला, नाकारून मुनीरने रवांडाची ही नर्स लग्न करून घरात आणली, तेव्हापासून त्याच्या आईने, खतिजाबींनी, सुनेला त्या थाळ्यात हात घालू दिला नव्हता. मुनीर एकदा भांडायला उठला, तर ‘माझ्यापायी आईशी वैर नको,’ म्हणून तिनेच त्याला गप्प केलं. सोसणं जणू तिच्या पाचवीलाच पुजलं होतं.

इतक्यात रवांडातल्या गावाहून हादिजाच्या आईचा फोन आला. हादिजा पोटात असताना, तुत्सी जमातीच्या त्या भयंकर कत्तलीत, ज्या शेजाऱ्याने तिच्या बापाला मारलं, तो तुरुंग भोगून परतला होता. आईला त्याला जेवायला बोलवायचं होतं. पण लेक हो म्हणाली तरच.

“त्याचीच पोरगी मला पाणी भरून देते,” आई म्हणाली. “कुठवर वैर धरू, बाळा? आता सगळ्यांना इथेच एकमेकांच्या शेजारी जगायचंय.”

बापाचं तोंडही न पाहिलेल्या त्या लेकीच्या काळजात केवढा कल्लोळ उठला... तरी अखेर ती म्हणाली, “बोलाव त्याला.” आणि ओट्याला टेकून रडू लागली.

“काय झालं गो?” खतिजाबी आत आल्या. सुनेने सगळं सांगितलं, तशा त्या भडकल्या. “बापाच्या खुन्याला जेवण? निदान वाढेल तरी वेगळं ना?”

“नाही अम्मी, एकाच ताटात. वेगळं वाढलं तर माफी कसली, म्हणते आई.”

टोचून बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. पण खतिजाबींची नजर ओट्यावरच्या त्या एकट्या ताटावर गेली आणि तिथेच खिळली... ओढणीचं टोक डोळ्यांना लावत त्या पुटपुटल्या, “तू तर माझं कुणी मारलंही नव्हतंस गो...”

त्यांनी ते ताट उचललं, बाहेर नेलं आणि त्यातला भात सगळाच्या सगळा थाळ्यात ओतला. मुनीर हातात घास धरून बघतच राहिला.

“सरक जरा,” त्या लेकाला म्हणाल्या, “तिला बसू दे.”

मग आपल्यापुढचा सुरमईचा तुकडा त्यांनी सुनेपुढे सारला. “काटे बघून खा.”

डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, तरी हादिजाने थाळ्यात हात घातला.