उत्तर नाही म्हणजे खुला

चिठ्ठीला रांग असते. लीलाधर शेठच्या केळी ट्रान्सपोर्टात मी अकरा वर्षं हेच ओरडत आले, आणि अकरा वर्षं कुणी ना कुणी टेबलाशी येऊन लाडात म्हणायचं, "अक्का, आमची जरा पुढं घ्या ना." अजिबात नाही. माझ्या टेबलावर एक तार ताणलेली होती, दोन खिळ्यांना. गाडी भरली की तिची चिठ्ठी डावीकडून चिमट्यानं अडकवायची आणि उजवीकडून एकेक काढायची. आधी आलेली आधी जाणार. शेठचा साडू आला तरी हेच.

चिठ्ठी हातात आली की माझं एकच काम. रावेरहून आमच्या गाड्या सातपुड्याचा घाट चढून इंदूरकडे जायच्या, आणि घाटातल्या चौकीत शेठनं फोन बसवून घेतला होता. मी तो नंबर फिरवायचा. पलीकडे वेस्ता उचलायचा, तिथल्याच पाड्यावरचा माणूस. "गाडीवर कोन शे, अक्का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी ड्रायव्हरचं नाव सांगायची. मग तो रस्ता सांगायचा, खुला शे की बंद शे. चिठ्ठीवर 'घाट' असा छापील रकाना होता, त्यात मी लाल पेनानं ते लिहायची आणि चिठ्ठी फाटकावरच्या तोतारामकडे द्यायची. लाल अक्षर नसेल तर तोताराम फाटक उघडत नसे.

आणि फोन उचललाच नाही तर? चिठ्ठी परत तारेच्या डाव्या टोकाला. गाडी थांबणार. हा नियम मी घातला होता, कारण वेस्ता चौकी सोडून कुठं जात नसे. घाटात दरड आली, झाड पडलं, तरच तो लाल फडकं घेऊन खालच्या मोडावर, म्हणजे वळणावर, गाड्या अडवायला उभा राहायचा. उत्तर नाही, हेच त्याचं उत्तर होतं. एवढं साधं शेठच्या डोक्यात शिरू नये?

नाही शिरलं. एकदा दोन गाड्या दुपारभर थांबल्या, केळी पिकायला लागली, आणि शेठनं माझ्या डोक्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: उत्तर नाही म्हणजे खुला. खाली सहीसुद्धा ठोकली. मी भांडले. शेठ म्हणाले, "सुनंदाबाई, केळं तुमच्या फोनची वाट बघत नाही."

त्र्याण्णवच्या ऑगस्टात, पावसात, वेस्ताचा फोन नुसता वाजत राहिला. चिठ्ठी माझ्या धाकट्या भावाची होती, झुलालची. मी ती तारेवर परत लावली. शेठनं ती ओढून काढली, माझ्यापुढे आपटली आणि फळ्याकडे बोट दाखवलं. मी 'खुला' लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

मोडाच्या पलीकडे रस्ता खचला होता. वेस्ता फडकं घेऊन उभा होता. झुलालला तो पावसात उशिरा दिसला; त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि वेस्ताला घेऊन कठड्याला थांबली. तो तिथं उभा नसता तर झुलाल दरीत गेला असता. आणि शेठ काय म्हणाले माहीत आहे? "फोन सोडून तो तिथं मरायला गेला कशाला?" वेस्ताची बायको दिवालीबाई ऑफिसच्या पायरीवर बसलेली असताना म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पंधरा दिवसांत चौकीला कुलूप लागलं. फोनचं यंत्र काढून आणलं, वायर गुंडाळून शेठच्या मागच्या कपाटात ठेवलं, लाइन बंद केली. पण चिठ्ठ्या दहा हजार छापलेल्या, रकाना तसाच. शेठ म्हणाले, तुम्हीच 'खुला' लिहीत जा. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. मी दर चिठ्ठीला तो मेलेला नंबर फिरवायची, कानात काही वाजायचं नाही, आणि मी 'उत्तर नाही' असं लिहायची. हट्ट म्हणा. गाड्या तशाही सुटतच होत्या.

ऑक्टोबरात एका सकाळी, कडक ऊन पडलेलं असताना, मी रतिलालच्या चिठ्ठीला नंबर फिरवला आणि पलीकडे घंटी वाजली. तिसऱ्या घंटीला कुणी तरी उचललं.

"गाडीवर कोन शे, अक्का?"

त्या आवाजामागे पाऊस वाजत होता, पत्र्यावर पडतो तसा. मी रतिलालचं नाव सांगितलं.

"खुला शे."

मला आधी संताप आला. कुणी तरी मेल्या माणसाची नक्कल करून माझी थट्टा करतंय, असंच वाटलं. मी तडक एक्स्चेंजमध्ये गेले आणि तिथल्या लाइनमनला फैलावर घेतलं. तो बिचारा मला रजिस्टर दाखवत बसला. नंबर बंद. घाटातली तारसुद्धा कुणी तरी कापून नेलेली. परत येऊन मी शेठचं कपाट उघडायला लावलं. यंत्र तिथंच होतं, वायर गुंडाळलेली, वर धूळ.

पण रोज उत्तर यायला लागलं. एकदा म्हणाला, "बंद शे." मी गाडी थांबवली. दोन तासांनी खरगोनकडून आलेल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, घाटात टँकर आडवा झालाय. शेठला हे कळलं तेव्हा ते घाबरले नाहीत, हात जोडले नाहीत. हसले. "म्हणजे फुकटात माणूस मिळाला की!" त्या क्षणी समोरची शाईची दौत त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फेकावी असं वाटलं मला. जिवंतपणी पिळलं ते पुरलं नाही यांना!

मग झुलाल परत कामावर आला. दोन महिने घरी भिंतीकडे तोंड करून बसला होता. आमच्या आईनं, भिकुबाईनं, शेवटी हाताला धरून उठवला. त्याची गाडी भरली. चिठ्ठी तारेवर आली. मी नंबर फिरवला.

घंटी वाजत राहिली. कुणी उचललं नाही.

मी चिठ्ठी डाव्या टोकाला लावली. पुढची चिठ्ठी कौतिकची. पहिल्याच घंटीला उत्तर, खुला शे. पुन्हा झुलालची आली, पुन्हा नुसती घंटी. दोन दिवसांत तीनदा असं झालं. झुलाल टेबलाशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायचा. "अक्का, तो माझ्यावर चिडलाय ना?" मी म्हटलं, "गप बस, चहा पी."

पुढच्या चिठ्ठीला मी धीर करून विचारलं, "वेस्ता, झुलालच्या वेळेला तू उचलत का नाहीस?"



"तव्हय मी मोडवर उभा ऱ्हास, अक्का."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. झुलालची गाडी दोन दिवस भरून उभी, केळीला वास सुटलेला. ते माझ्यावर, झुलालवर, तोतारामवर, सगळ्यांवर बरसले. मी म्हटलं, उत्तर नाही. माझ्या भावाची चिठ्ठी मी देणार नाही, काय करायचं ते करा.

"भित्रे लेकाचे! मी स्वतः पुढं जीप काढतो. मागून आण म्हणावं गाडी."

"चिठ्ठी लागेल," मी म्हटलं. "फाटकातून चिठ्ठीशिवाय काही जात नाही."

माझा चेहरा बघून की काय, त्यांनी चिठ्ठी करून घेतली. तारेवर झुलालचीच होती. शेठनं स्वतःची तिच्या पुढं लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला रांग मोडू दिली.

जीपमध्ये बसून ते हॉर्न वाजवायला लागले. त्यांच्या हॉर्नला दोन सूर होते, सगळं रावेर ओळखायचं.

मी नंबर फिरवला.

घंटी. पाच, सहा, अकरा. कुणी उचललं नाही.

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि दारात जाऊन मोठ्यानं, तोतारामला ऐकू जाईल असं सांगितलं, "शेठ, उत्तर नाही. जाऊ नका."

"फळा वाचा! काय लिहिलंय?"

मी वाचलं. मग त्यांनीच फर्मावलं तसं लाल पेनानं लिहिलं: खुला. तोतारामनं फाटक उघडलं.

धूळ खाली बसली. टेबलावरचा रिसीव्हर अजून बारीक वाजत होता. मी तो उचलून नुसता कानाशी धरून बसले. तारेवर एकच चिठ्ठी उरली होती.

आणि पलीकडे कुणी तरी उचललं. धापा टाकत होता, चढ पळत आल्यासारखा.

"पुढली चिठ्ठी कोनी शे, अक्का?"

मी तारेकडे बघितलं. "झुलालची."

"झुलालले धाडी दे. आते बठ्ठा रस्ता खुला शे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. जीप फाटकातून जाऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती, आणि घाट तासाभरावर.

त्याच्या मागे पाऊस कोसळत होता. त्या पावसात, लांब, खाली कुठं तरी, दोन सुरांचा हॉर्न वाजत होता. दाबून धरल्यासारखा, मध्ये न थांबता.