उंदरांवर आळ

टक्-टक्-टक्... आणि मग शांतता.

डिसेंबरातली सकाळ, आमच्या तलमडुगु गावातली हाडं गोठवणारी थंडी, आणि आमच्या फाटकासमोर एक जुनी पांढरी गाडी. आत बसलेला तरुण पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता आणि स्टिअरिंगला हळूच काहीतरी समजावत होता. मी शाळेला निघाले होते. खरं तर मला उशीर झाला होता. पण बंद पडलेली गाडी दिसली की माझे पाय पुढे जात नाहीत. बाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेतली, आणि तिला अंगणात खोलून-जोडून मी हे सगळं शिकले.

मी काचेवर टिचकी मारली. "चावी सोडा. बोनेट उघडा."

त्यानं माझ्या इस्त्रीच्या साडीकडं पाहिलं, मग गाडीकडं. "तुमी... मेकॅनिक हाये?"

"नाई, गणिताची टीचर. उघडता का जाऊ?"

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. मी घरातून गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि दात घासायचा जुना ब्रश आणला. आधी काळी तार काढली, मग लाल. टोकं घासली, पुसली, तारा आवळून बसवल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

तो हसला. हसताना त्याचा एक दात जरासा आडवा दिसतो, हे मला दिसायला नको होतं... पण दिसलं. त्या दिवशी शाळेची प्रार्थना माझ्याविनाच झाली.

त्याचं नाव कुलदीप. तहसीलमध्ये नवा क्लार्क. जन्म, शाळा, कॉलेज सगळं आदिलाबाद शहरात. बदलीमुळे आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिलेला. त्यानंतर त्याची गाडी दर तिसऱ्या दिवशी बंद पडू लागली. कधी फ्यूज निघालेला, कधी प्लगची तार सुटलेली. आणि गाव एवढं मोठं असून नेमकी आमच्याच फाटकासमोर! एकदा तर टाकीच कोरडी होती.

"ही पेट्रोलवर चालते, हे तुमाले कोनी सांगतलं नाई?"

"तुमी सांगा ना, मॅडम," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "तुमी सांगतलं की ध्यानात राह्यते."

मी पाना जोरात फिरवला. काहीही आवळायचं नव्हतं.

आई, म्हणजे गयाबाई, त्याला चहा द्यायची. तो ओट्यावर बसायचा, मी बोनेटमध्ये डोकं घालून बोलायची, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसत नसे. मला तो आवडायला लागला होता. अगदी स्पष्ट सांगायचं तर गाडी बंद पडली नाही त्या दिवशी मला करमत नसे.

गुरुवारी चहा देता देता आई म्हणाली, "आईतवारी अकरा वाजता इचोड्याचे पाव्हणे येऊन राह्यले, आमच्या दामिनीले पाह्याले. पोरगा मास्तर हाये. नागसेन नाव."

कुलदीपचा कप ओठांपाशीच थांबला. मी वाट पाहत होते. बोल ना... काहीतरी बोल!

"चांगलं हाये," तो म्हणाला, आणि अख्खा गरम चहा एका घोटात प्यायला.

मला इतका राग आला की विचारू नका. रविवारपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही तर मी तरी का उघडावं? बाबा शब्दाचे पक्के. एकदा पाहुण्यांना होकार गेला की संपलं. शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

रविवारी नऊ वाजता फाटकासमोर गाडी खोकली. काळा धूर, दम कोंडल्यासारखा आवाज. नव्या साडीचा पदर खोचून मी बाहेर आले आणि न बोलता एअर फिल्टरचा डबा उघडला. आत कापसाचा हा एवढा गोळा!

"उंदीर!" मी काही विचारायच्या आत कुलदीप म्हणाला. "तुमच्या घरात कापूस हाये ना... उंदरानंच नेला असंन."

तसं पटण्यासारखं होतं. आमच्याकडं भाव मिळेपर्यंत कापूस पुढच्या खोलीतच पडलेला असतो, आणि थंडीत उंदीर खरोखरच गाड्यांत घरटी करतात. पण मी तो कापूस चिमटीत धरला. माझ्या आईनं आयुष्यभर आपल्या आणि लोकांच्या शेतात वेचणी केली. आमच्या बोटांना कापूस ओळखू येतो.

"साहेब, तुमच्याकडचे उंदीर सरकी काढून कापूस नेतात काय?"

"म्हंजे?"

"आमच्या ढिगात सरकी असते, पाचोळा असते. हा मेडिकलमधला हाये. निळा कागद बी चिकटून हाये."

त्याचे कान लाल झाले. मग मान, मग नाक.

"पयल्या दिवशी खरंच बंद पडली होती," तो पुटपुटला. "बाकी समदं... मीच."

"काऊन?"

"बंद गाडी पाह्यली की तुमी थांबता. चालू गाडीपाशी तुमी काऊन थांबसान?" त्यानं मान वर केली. "तुमी मले आवडता, दामिनी. लय. गुरुवारीच सांगाचं होतं... पन हिंमत नाई झाली."

मी उत्तर देणार, इतक्यात बाबा फोन घेऊन धावत आले. "पाव्हण्यायची गाडी रस्त्यात थांबली वं! बोनेटातून धूर येऊन राह्यला म्हंते. तू सांग."

"इंजिन गेलं म्हना," कुलदीप माझ्या कानाशी कुजबुजला. "पुरं गेलं म्हना..."

मी डोळे वटारले. गाडीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, आणि ते त्याला शिकवायलाच हवं होतं.

फोनवर नागसेन होता. "गरमीचा काटा लाल निशाणीवर हाये, मॅडम."

"मंग ते वाफ हाये, रेडिएटरचं पानी संपलं. झाकन आता उघडू नका, हात भाजन. अर्धा तास थंड होऊ द्या, मंग फडक्यानं धरून हळू फिरवा, पानी भरा. हिटर लावा, इंजिनची गरमी तिकून निंघते, अन् सावकाश चालवा."

"उपकार झाले! मंग बारापर्यंत पोचतोच आमी."

बाबा माझ्याकडं पाहत होते. कुलदीप जमिनीकडं. मी एका दमात बोलून टाकलं. "सर, माफ करा... गाडी परत इचोड्याकडंच वळवा. माझं मन दुसरीकडं हाये. तुमाले इथं बोलावून चहा पाजून मंग सांगनं बरं नाई."

पलीकडं तो हळूच हसला. "रस्त्यातच सांगतलं, बरं केलं. पानी त भरतोच."

फोन बंद झाला. बाबांचं तोंड उघडंच होतं. "दुसरीकडं म्हंजे कोठी?"

मी ग्रीसनं माखलेलं बोट कुलदीपकडं केलं.

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा? याले त सोताची गाडी चालू करता येत नाई!"

"येते, बाबा," मी म्हणाले. "बंद करता त लय चांगली येते."

आणि कुलदीपनं, बाबांच्या देखत, माझा काळाकुट्ट हात पहिल्यांदा हातात धरला.