टिपण्याकडे नसलेली नोंद

टिपण्या कधी चुकत नाही. अकरा वर्षं त्या यंत्रमानवानं माझ्या आजोबांचा एकूण एक दिवस टिपून ठेवलाय. तरी त्या सकाळी त्यानं वाचलेल्या नोंदी ऐकून आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, “बरं. पण हा माणूस कोण?”

अहो, तुम्हीच की! वेंगुर्ल्याचे भालचंद्र परुळेकर, समुद्रशेवाळाचे शास्त्रज्ञ! महिन्यापूर्वी ते जिन्यावरून पडले, डोक्याला मार लागला आणि स्वतःलाच विसरले. माझं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

टिपण्या पुन्हा वाचू लागला, “चौदा मे. चष्मा हरवला. पंधरा मे. टिपण्याला मोठ्यानं वाचायला शिकवलं.”

सगळं खरं, मग ओळख का पटत नाही? मी डॉक्टर सुलक्षणामावशींना विचारलं.

“मेंदू आठवणी फोटोसारख्या जपत नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुकडे ठेवतो आणि दर वेळी ‘म्हणून’ लावत नव्यानं जुळवतो. असं झालं, म्हणून तसं झालं. त्याची गोष्ट होते आणि त्या गोष्टीतून आत्मभान (आपण कोण आहोत ही जाणीव) घडत जातं. टिपण्याच्या यादीत ‘म्हणून’ कुठाय?”

हात्तिच्या! गोष्ट तर मलाही सांगता येते. आमच्याकडचा नियम आजोबांनीच घातलाय: ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं, नाहीतर गोष्ट बंद.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि चौदा मेची, आजीकडून ऐकलेली गोष्ट सुरू केली. “टिपण्या होडीतून पाण्यात पडला.”

आजोबा गप्प. मीही हट्टी, पुढे बोलेचना.

“हं,” शेवटी ते पुटपुटले.

“म्हणून तुम्ही उडी मारलीत.”

“हं.”

“म्हणून चष्मा बुडाला. म्हणून तुम्हाला वाचता येईना, म्हणून टिपण्याला...”

“उडी?” आजोबा खुदकन हसले. “उडी कसली मारतोय! पाय घसरला माझा. तुझ्या आजीला मात्र उडी मारली म्हणून सांगितलं.”

“ही नोंद माझ्याकडे नाही,” टिपण्या म्हणाला. कशी असणार? तो तेव्हा पाण्याखाली होता!

सगळं काही त्या दिवशी आठवलं नाही. मावशी म्हणाल्या, वेळ लागेल, रोज एक गोष्ट सांग. पण आजोबा आता स्वतःच सांगत सुटले होते, “नाकातोंडात पाणी, चष्मा नाही, चाचपडतोय तर हाताला नुसतं शेवाळ...” आणि मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

“अगं शाल्मली, ‘हं’ कोण म्हणणार?”

माझं नाव! पण नियम म्हणजे नियम.

“हं,” मी म्हटलं.

“हं,” टिपण्याही म्हणाला. मग त्यानं विचारलं, “म्हणून काय झालं?”