शेवटच्या बाकावरची हवा

काळीटेकच्या शाळेत एक कोडं पडलं होतं आणि ते कुणालाच सुटत नव्हतं. हवा मोजायचं यंत्र धडधाकट होतं. वहीतल्या आकड्यांत एकही खाडाखोड नव्हती. सातवीच्या वर्गातली हवा अकरा दिवस चांगली होती, असं यंत्र आणि वही दोघंही छातीठोकपणे सांगत होती. आणि त्याच अकरा दिवसांत त्या वर्गातली सहा मुलं धापतापानं अंथरुणाला खिळली, त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या शिक्षिका कुसराम मॅडमही.

ही गोष्ट २०४३ सालची. काळीटेक हे वर्धा नदीच्या काठी, कोळशाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. धापतापाची साथ तेव्हा देशभर होती. ताप दोन दिवसांत उतरायचा, पण धाप महिनोन्‌महिने मागे राहायची, म्हणून हे नाव. सात महिने शाळा बंद होती. मुलं घरी पडद्यासमोर बसून शिकत होती. म्हणजे शिकत होती असं म्हणायची पद्धत होती. शेवटी मुख्याध्यापक पाचभाई सरांनी शाळा सुरक्षितपणे उघडण्याची अठरा कलमी योजना तयार केली. निम्मी मुलं एक दिवस यायची, उरलेली दुसऱ्या दिवशी. शाळा फक्त तीन तास, तीही मास्क लावून. आणि प्रत्येक वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक हवामापक. त्यावरचा आकडा हजाराच्या वर गेला की ते किणकिणायचं. मग धडा असेल तिथं थांबवून सगळ्यांनी जिना उतरायचा आणि दहा मिनिटं अंगणात उभं राहायचं.

सातवीच्या हवामापकाची राखण केतकी धोटेकडे होती. दोन्ही गटांच्या दिवशी यायचं आणि दर अर्ध्या तासानं आकडा बघून वहीत लिहायचं, एवढंच तिचं काम. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, म्हणून सरांनी डोळे मिटून तिच्यावर भरवसा टाकला होता.

आता शाळा पुन्हा बंद होती आणि शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. पालक चिडले होते. "यंत्राच्या भरवशावर पोरं पाठवली, अन् यंत्रानंच दगा दिला," असं जो तो म्हणत होता. यंत्र बिनकामाचं ठरलं असतं, तर योजना कचऱ्यात गेली असती आणि शाळेला पुढच्या जूनपर्यंत कुलूप लागलं असतं. सभेपूर्वी एकदा तपासणी व्हावी म्हणून पाचभाई सरांनी केतकीच्या आजोबांना बोलावलं.

केतकी त्यांना आबाजी म्हणायची. नामदेव धोटे हे निवृत्त खाण-शास्त्रज्ञ. जमिनीखाली तीनशे मीटरवर माणसांना श्वास घेता यावा म्हणून हवा कुठून आणायची आणि कुठून काढायची, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. हवामापक मागच्या भिंतीवर लावा, हेही त्यांनीच सरांना सांगितलं होतं. त्यामुळे या कोड्यानं आबाजींची झोप उडाली होती. केतकीचीही उडाली होती, पण तिचं कारण वेगळं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आबाजी तिला घेऊन रिकाम्या शाळेत गेले. वर्गाच्या दारातच केतकी थबकली. बाकांवर रबराचे सोळा पुतळे बसलेले होते आणि सोळांच्या छात्या हळूहळू वरखाली होत होत्या.

"भिऊ नको. हे खाणीच्या बचाव केंद्रातले श्वासपुतळे," आबाजी म्हणाले. "माणसासारखाच कोमट श्वास सोडतात. पोरांना बसवून तपासणी करता येते का आता? म्हणून हे मागून आणले."

सतरावा पुतळा मागच्या बाकाशेजारी उभा होता. कुसराम मॅडम नेहमी तिथंच उभ्या राहून वाचायच्या. मागच्यांना ऐकू जात नाही, ही तक्रार त्यांना खपत नसे. केतकीनं तिकडे बघितलं आणि मान फिरवली. शेवटच्या बाकावर, दुर्गेशच्या जागीही एक पुतळा होता. आजारी पडलेल्या सहा मुलांपैकी दुर्गेश अजून चंद्रपूरच्या दवाखान्यात होता.

आबाजींनी तिला एक जाड चष्मा दिला. "हा श्वासचष्मा. लाव, अन् काय दिसून राहिलं ते सांग."

केतकीनं चष्मा लावला. प्रत्येक पुतळ्याच्या तोंडातून फिकट निळा धूर निघत होता. गरम असल्यामुळे तो आधी वर चढायचा, मग पसरायचा, शेजारच्याच्या धुरात मिसळायचा.

"निळं काय आहे, आबाजी?"

"आपण श्वास सोडतो, त्यात कार्बन डायॉक्साइड नावाचा वायू असते. तो अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहून नेणारे किरण) गिळते. किरण जेथं गिळले गेले, तेथं हा चष्मा निळा रंग दाखवते. बस, एवढंच."

"मग तो वायू विषारी आहे? त्यानं धापताप होतो?"

"नाही. तो चोर नाही, तो साक्षीदार आहे. धापतापाचे विषाणू श्वासातल्या बारीक थेंबांवर बसून निघतात. ते थेंब इतके हलके, की उदबत्तीच्या धुरासारखे तासभर तरंगत राहतात. ते मोजणं मोठं कठीण. पण ते श्वासातूनच येतात ना? मग खोलीत किती श्वास साचला ते मोजाचं. अन् श्वास मोजाचा, तर कार्बन डायॉक्साइड मोजाचा."

मग त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू साधारण साडेचारशे दशलक्षांश (दहा लाख भागांतले साडेचारशे भाग) असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो चाळीस हजार दशलक्षांश असतो. म्हणजे खोलीतला आकडा साडेचारशेच्या वर जितका चढला, तितका दुसऱ्यांचा वापरलेला श्वास आपल्या वाट्याला आला. आकडा हजार झाला, की आपल्या दर सत्तर श्वासांतला सुमारे एक श्वास कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो.

केतकी आकडेमोड करत होती, इतक्यात मागच्या भिंतीवरचं यंत्र किणकिणलं. तपासणी सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. आबाजींनी ते वाजू दिलं. तासाभरात आकडा दोन हजार सहाशेवर गेला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"अठरा श्वासांतला एक," केतकी हळूच म्हणाली.

"बरोबर. पण मग माझी मतीच गुंग होऊन राहिली. यंत्र तर ठणठणीत आहे. तेव्हाही असंच वाजाले पाहिजे होतं. वहीत मात्र पहिला दिवस सोडला तर पाचशे ऐंशी, सहाशे, पाचशे नव्वद."

त्यांनी यंत्र खुंटीवरून काढलं आणि हातात धरून ते वर्गभर फिरले. मधल्या बाकांपाशी सोळाशे. फळ्यापाशी अकराशे. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी ते टेकवलं आणि थोडा वेळ थांबले. आकडा भराभर उतरला आणि पाचशे ऐंशीवर येऊन थांबला. आबाजींनी यंत्राकडे बघितलं. मग वहीकडे. मग केतकीकडे.

"मीच ठेवलं होतं तिथं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी चार वेळा वाजलं. मॅडम गोष्ट वाचत होत्या आणि दरवेळी मध्येच उठावं लागलं. तीन तासांची तर शाळा. सात महिन्यांनी भरलेली. मॅडमचा चेहरा इतका पडायचा! दुसऱ्या दिवशी मी ते कट्ट्यावर ठेवलं, मग वाजलंच नाही. सुटताना परत खुंटीला लावायचे. राखण माझी, म्हणून कुणी विचारलंही नाही. मी आकडे खोटे नाही लिहिले, आबाजी. जे दिसले तेच लिहिले. मला वाटलं, खोली एकच, म्हणजे हवाही एकच."

"चष्मा काढू नको. कट्ट्याकडे पाह्य," आबाजी म्हणाले.

तिनं बघितलं. खिडकीतून येणारी स्वच्छ हवा कट्ट्यावरून आत शिरत होती, दोन बाकांपर्यंत जात होती आणि वळून शेजारच्या खिडकीतून निघून जात होती. मागच्या भिंतीला वर झरोके होते, पण कबुतरं येतात म्हणून कुणी तरी त्यात पुठ्ठे ठोकले होते. तिकडे हवेला जायला वाटच नव्हती. निळा धूर मागच्या कोपऱ्यात साचून राहिला होता आणि त्यात दुर्गेशच्या जागचा पुतळा गळ्यापर्यंत बुडालेला होता. मॅडमच्या जागचाही.

केतकीनं चष्मा काढला तरी तिला ते दिसतच राहिलं. आपण चूक केली हे तिला पंधरा दिवस टोचत होतं, पण ती केवढी चूक होती हे आज कळलं. ते अकरा दिवस परत मिळावेत, असं तिला फार वाटलं. माणसानं पुष्कळ यंत्रं काढली, पण गेलेले दिवस परत आणायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

"हवा कधी खाणीच्या तोंडाशी मोजत नाहीत, बेटा," आबाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच तिला जास्त लागलं. "तोंडाशी हवा चांगलीच असते. शेवटचा माणूस जेथं कुदळ मारून राहिला, तेथवर चालत जाचं अन् तेथं मोजाची. त्याले पुरली, तर सगळ्यांना पुरली. तुले कोणी सांगितलं नाही, ही आमची चूक. यंत्र हलवलं, ही तुझी. उद्या सभेत काय सांगाचं, ते तू ठरव. पण तू नाही सांगितलं, तर मले सांगावं लागेल."

रात्री केतकीला जेवण गेलं नाही.

सभा अंगणात भरली. पालक लांब लांब खुर्च्या टाकून बसले होते आणि कुसराम मॅडम घरून पडद्यावर आल्या होत्या. त्यांचे गाल बसले होते. एका पालकानं उठून यंत्रं विकून टाका, असा ठराव मांडलाच होता, तेवढ्यात केतकी उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. कट्ट्याचं सांगितलं, अठरा श्वासांचं सांगितलं, निळ्या धुराचंही सांगितलं. "यंत्र बरोबर होतं," ती शेवटी म्हणाली. "ते चुकीच्या जागी होतं. आणि ते मी ठेवलं होतं."

दुर्गेशची आई पहिल्याच रांगेत होती. ती उठली आणि फाटकाबाहेर गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

मग पडद्यावरून मॅडम बोलल्या. दर चार-पाच शब्दांनी त्यांना थांबावं लागत होतं.

"केतकी, मला राग आला आहे. तो लगेच जाईल, असं मी सांगणार नाही." त्यांनी श्वास घेतला. "पण माझंही एक चुकलं आहे. यंत्र वाजलं की मी आठ्या घालायचे. झालं, पुन्हा आलं, म्हणायचे. तू बघत होतीस ना?"

"हो, मॅडम."

"मग सर, ते योजनेत लिहा. धडा थांबवणाऱ्या मुलावर कुणी त्रासायचं नाही. शिक्षकांनीसुद्धा. ज्या नियमाचा सगळ्यांना वैताग येतो, तो नियम कुणी तरी मोडतंच."

पाचभाई सर लिहू लागले. यंत्र शेवटच्या बाकाशी, बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर राहील, आणि त्याला कुणी हात लावणार नाही. आकडा दोन मुलं मिळून बघतील. झरोक्यांतले पुठ्ठे निघतील, कबुतरांसाठी जाळी लागेल आणि एका झरोक्यात वर्गातली हवा बाहेर फेकणारा पंखा बसेल. "हवेले आत याले वाट लागते, तशी बाहेर जालेही लागते," आबाजी म्हणाले. "मग यंत्र वाजलं तरी दिवसातून एखादवेळाच वाजेल." यंत्रं विकायचा ठराव मांडणारे गृहस्थ जाळी बसवून द्यायला तयार झाले. आबाजी पुतळे बसवून पुन्हा तपासतील आणि आकडा उतरलेला दिसला तरच शाळा पुढच्या सोमवारी उघडेल, असं ठरलं. हात वर झाले तेव्हा खाली राहिलेले हात फारच थोडे होते.

केतकीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ती पडद्याजवळ गेली.

"मॅडम, तुम्ही कधी येणार?"

"सातवीचा वर्ग वर आहे, केतकी. बावीस पायऱ्या. परवा मी घराच्या जिन्यावर नऊ चढले. मग खाली बसावं लागलं." त्या थोडं हसल्या. "होईल हळूहळू. दिवाळीनंतर बघू."

केतकी तिथंच उभी राहिली. मग ती पाचभाई सरांच्या टेबलाशी आली.

"सर, अजून एक कलम लिहायचं आहे. सातवीचा वर्ग खाली भरेल."

"खाली पाचवी आहे ना," सर म्हणाले.

"पाचवीतल्या मुलांना जिना चढता येतो, सर. मॅडमना येत नाही. आणि दुर्गेश परत आल्यावर त्यालाही येणार नाही."

सरांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघितलं. मग कागद तिच्यापुढे केला आणि पेन तिच्या हातात दिलं.