शेवटचा वेढा

अर्धापूरला केरबांच्या अंगणात मांडव घातला होता. त्यांच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाची वंदना झाली आणि जिलानीशेठ बोलायला उभे राहिले. नेव्हीतून परतल्यावर केरबांनी शेठच्या नांदेडच्या दुकानातली दोरी हिमायतनगरपासून लातूरपर्यंत गावोगाव फिरून विकली होती.

"केरबाभाऊनं दोरी कमी विकली, गाठीच जास्त शिकवल्या. गाव दिसलं की शाळेत घुसायचे. पोरं गोळा, दोरी खलास. दुकान बुडायची पाळी आली, पण त्यांची गाठ कधी सुटली न्हाई."

लोक हसले. विशाखा हसली नाही. केरबांची ती एकुलती एक लेक, आणि तिचं लक्ष पश्चिमेकडे होतं. आभाळ मातकट झालं होतं.

घरामागच्या बागेत केळी घडांनी वाकल्या होत्या. वाऱ्यात पडू नयेत म्हणून दरवर्षी केरबा त्यांना दोरीनं ताण द्यायचे. यंदा घड भरायला लागले आणि तेच गेले. विशाखानं बांधून पाहिलं, तर तिची गाठ सरकायची नाहीतर खोडाला काचायची; शेवटी केळी तशाच राहिल्या. बाबांची गाठ ताणली तरी सरकत नसे, आणि सोडायची म्हटली तर एका बोटानं सुटे. ते पोरांपुढे गाठ बांधत आणायचे, शेवटी थांबायचे, दोरीचं दुसरं टोक ताणून धरायचे आणि म्हणायचे, "शेवटचा वेढा तू दे." विशाखा म्हणायची, "नंतर बघू, बाबा."

खिरीची पंगत बसली आणि वावधान आलं. पत्रे वाजायला लागले. बाया लेकरांना घेऊन घरात पळाल्या, गड्यांनी मांडवाचे खांब धरले. बागेकडून कडाकड मोडल्याचा आवाज आला. सालभराची मेहनत गेली, असं म्हणून विशाखानं डोळे मिटले.

वारा पडल्यावर ती मागं धावली.

बांधावरचा शेवगा मुळासकट आडवा होता. केळी मात्र उभ्या होत्या.

प्रत्येक केळ शेजारच्या केळीला बांधलेली होती.

"काका, तुम्ही गडी पाठवले होते?" तिनं मागोमाग आलेल्या जिलानीशेठना विचारलं.

"मी कशाला पाठवतो, बाई? सगळे माझ्यासंगं खांब धरून होते." जिलानीशेठनं दोरी बोटांत चोळली. "आणि हा माल माझ्या दुकानचा न्हाई."

दुकानचं नायलॉनचं बंडल ओसरीवर तसंच बांधलेलं होतं. ही दोरी काथ्याची होती, जाड आणि ओली. पाऊस तर पडलाच नव्हता.

मागून सरजाबाई आल्या. नवऱ्याच्या फोटोवरचं फूल अजून त्यांच्या हातात होतं. त्यांनी दोरी नाकाशी नेली.

"तुझे बाबा जहाजावरून सुट्टीला यायचे, तवा ट्रंक उघडली की असाच वास यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "खारट."

विशाखा ओळीनं गाठी बघत पुढं निघाली. सगळ्या एकसारख्या, बिनचूक.

शेवटच्या केळीपाशी ती थांबली.

तिथं गाठ अर्धीच होती. फास तयार, टोक मोकळं लोंबत होतं. दोरीची दुसरी बाजू केळीच्या दाट पानांत गेली होती.

विशाखानं टोक हातात घेतलं. दोरी ढिली होती. वेढा वरून द्यायचा की खालून, तिला आठवेना.

"बाबा," ती पुटपुटली.

पानं हलली नाहीत. दोरी मात्र पलीकडून हळूच ताणली गेली, आणि तशीच ताणलेली राहिली.

तिनं शेवटचा वेढा दिला.