दोष अन्नाचा

"हेच खाऊन अब्बा गेले!"

हारुनने ताट पुढे सरकवलं आणि इतक्या थंड आवाजात हे वाक्य उच्चारलं की सायराच्या हातातला पाण्याचा तांब्या अर्ध्यावरच थांबला. जुम्याची नमाज आटोपून तो नुकताच घरी आला होता. ताटात तांदळाची भाकरी होती, नारळाच्या दुधातलं सुरमईचं सालन होतं, आणि वाढणाऱ्या मैमुनाबींचा डाव अजून भांड्यातच होता. कोकणात, साखरतर गावी, चाळीस वर्षं त्यांच्या हातचं खाऊन लोक बोटं चाटत होते. ईदेला शेजारपाजारचे पातेली घेऊन दारात उभे राहत. त्याच हातांवर आज पोटच्या पोराने असा आरोप करावा… आणि तोही नवऱ्याच्या मृत्यूचा!

मैमुनाबींनी डाव खाली ठेवला. त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं, पदर सारखा केला आणि ताट उचलून त्या आत गेल्या.

हारुनचे अब्बा, खैरुद्दीन, जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. गलबतं बांधणारा हा उंचापुरा सुतार पोटाच्या कॅन्सरने वाळून गेला, तेव्हा हारुन दुबईत नवा नवा कारकून होता. तार त्याच्या हाती पडली तेव्हा दफन उरकलं होतं. पुढच्या वर्षी सुट्टी मिळताच तो गावी गेला, सायराशी निकाह केला आणि बायकोला व आईला घेऊन बोटीने परत आला. दुबईच्या देरा भागात बाजारामागे, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, अंगणाभोवतीच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार सुरू झाला. वरवर सगळं ठीक होतं. पण बापाच्या जनाज्याला खांदा देता आला नाही, हे शल्य हारुनच्या अंतःकरणात रुतून बसलं होतं, आणि आजार का झाला, कशाने झाला, याचं उत्तर तो जो भेटेल त्याच्याकडे मागत असे.

ते उत्तर त्याला ऑफिसमधल्या एका माणसाने मुंबईहून आणलेल्या निसर्गोपचाराच्या पुस्तिकेत सापडलं. अन्न विस्तवावर चढलं की मेलं, मेलेलं अन्न पोटात गाठी धरतं, आणि फळं, पाला, कंद, मोड आलेलं धान्य खाणाऱ्याला कॅन्सर शिवत नाही, असं त्या पुस्तिकेत ठासून लिहिलं होतं. हारुनने ती दहादा वाचली. दुःखी माणसाला कारण हवं असतं, आणि पुस्तिकेने त्याला ते ठळक अक्षरांत दिलं होतं!

संध्याकाळी मैमुनाबी त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"त्या पुस्तकात काय काय खायला सांगितलंय, ते मला वाचून दाखव."

हारुनला नवल वाटलं. "अम्मा, तुला राग नाही आला?"

"वाच तू."

त्याने वाचलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पुसून कपाटात ठेवला, तवा आणि मसाल्याचा डबा शेजारच्या हव्वाबींना देऊन टाकला, आणि त्या दिवसापासून त्या घरात काही शिजलं नाही.

कच्चं खाणं ऐकायला सोपं वाटतं, पण दुबईच्या उन्हाळ्यात ते घडवून आणणं म्हणजे दिवसभराची मजुरी होती. मूग भिजवले की मोड यायच्या आतच आंबत; मग मैमुनाबी ते पाण्याच्या घड्याखाली ओल्या फडक्यात बांधून ठेवत आणि दर तासाला फडकं भिजवत. भाजीचा ट्रक रास-अल-खैमाहून पहाटे येई. ऊन चढलं की जर्जीरच्या तिखट पाल्याची पानं माना टाकत, म्हणून फज्रची नमाज होताच त्या बाजार गाठत. मुळे, काकड्या, गाजरं, लिंबं… मनासारखं मिळालं नाही तर अब्र्यात, म्हणजे तरीच्या होडीत, बसून खाडीपलीकडच्या बाजारात जात. ऑफिसला जाण्यापूर्वी हारुनसमोर खवलेला नारळ, खजूर, मोडाचे मूग आणि हिरवा पाला असं टवटवीत ताट येई. तो समाधानाने खाई. त्याचं पोट सपाट झालं, चेहऱ्यावर तजेला आला, आणि अब्बांना हे तेव्हा कळलं असतं तर, असं तो वारंवार म्हणू लागला.

तो म्हणे तेव्हा मैमुनाबी खाली मान घालून काकडी चिरत राहत.

सायरा पोटुशी राहिली तेव्हा मात्र त्या एकदाच ताठ उभ्या राहिल्या. "हिला भात, डाळ, मासा सगळं मिळेल. हव्वाबीच्या घरी शिजेल, तिथे ही जेवेल. हारुन, यावर बोलणं खलास!"

"पण अम्मा…"

"माझ्यावर काय हवं ते लाद. हिच्यावर नाही."

सायरा दुपारी शेजारी जेवू लागली, आणि पदराआड वाटीभर मऊ भात सासूसाठी आणू लागली. कारण हारुनला जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. मैमुनाबींच्या तोंडात मोजून चार दात होते! गाजर त्या खलबत्त्यात कुटून घेत, मूग चघळून चोथा बाजूला काढत, आणि बहुतेक दिवस खजूर व पाण्यावर निभावत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकू लागल्या होत्या.

"अम्मा, दोन घास तरी… त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तो समोर बसून पाला खातो आणि मी चोरून भात खाऊ? मला नाही जमायचं, बेटी."

"मग त्यांना सांगा ना! तुमच्या हातच्या जेवणाने अब्बा गेले नाहीत, एवढं तरी सांगा! रोज ऐकून घेता, काळीज तुटत नाही तुमचं?"

मैमुनाबींनी वाटी तिच्या हातात परत दिली. "तुटतं. पण त्याचं तुटण्यापेक्षा माझं बरं."

या बोलण्याचा अर्थ सायराला लागला नाही. तो लागला ऑक्टोबरात, हमदुल्लाचाचा आले तेव्हा. खैरुद्दीनचे हे जिवलग दोस्त, एकाच गोदीत दोघांनी करवत चालवलेली. शारजाला मुलाकडे जाता जाता एक दिवस देऱ्यात उतरले होते. दुपारी जेवायला बसले आणि समोर पाला पाहून मोठ्याने हसले.

"भाभी, बोटीत चार दिवस वाईट काढले, ते तुमच्या हातच्या सालनाच्या आशेवर! हे काय, बकरीचं ताट मला का वाढलंत?"

हारुन हसला नाही. त्याने सविस्तर समजावून सांगितलं: पुस्तिका, विस्तव, मेलेलं अन्न… आणि शेवटी म्हणाला, "अब्बांचं पोट तेला-तिखटानेच गेलं, चाचा. अम्माचा इलाज नव्हता, तिला माहीत नव्हतं. पण गेलं त्यानेच."

हमदुल्लाचाचांचा हात ताटावरच थांबला. त्यांनी मैमुनाबींकडे पाहिलं.

"भाभी… हे पोर काय बोलतंय? आणि तुम्ही ऐकून घेता?"

"तुम्ही पाणी घ्या, हमदुल्लाभाई." मैमुनाबींनी घाईने तांब्या पुढे केला. "जुन्या गोष्टी राहू द्या."

"नाही भाभी! पोराला न सांगण्याची जबान खैरूला दिली होती ती तुम्ही. मी दिली नव्हती." ते हारुनकडे वळले. "मुंबईच्या डॉक्टरकडे तुझ्या बापाला मी घेऊन गेलो होतो. गाठ लहान आहे, म्हणाले. ऑपरेशनची तारीख दिली, मे महिन्याची. मी डॉक्टरांना विचारलं, खाण्यातून झालं का? ते म्हणाले, कशातून झालं ते आम्हालाही सांगता येत नाही. आम्ही गावी आलो, तर घरात तुझे दुबईचे कागद येऊन पडलेले. तुझी बोट त्याच आठवड्यात होती."

हारुनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"खैरू म्हणाला, पोराला कळलं तर तो बोटीवर चढणार नाही. तो गेला की बघू. तू गेलास. मग तुझं पत्र आलं, सहा महिने प्रोबेशन आहे म्हणून. आता ऑपरेशन केलं तर गावातलं कुणीतरी कळवणार, तू नोकरी टाकून धावत येणार… म्हणून तो थांबला. मी भांडलो, भाभी पाया पडल्या. ऐकलं नाही! नोव्हेंबरात पुन्हा नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. मे महिन्यात वाचलाच असता असं मी म्हणत नाही, तो अल्लाहच जाणे. पण सालनाला नावं ठेवू नकोस."

हमदुल्लाचाचा उठले, हात धुतले आणि असरच्या नमाजेचं निमित्त करून बाहेर पडले. सायराही उठून अंगणात गेली.

हारुनने ताट बाजूला सारलं. मग त्याने विचारलं, "तू मला बोलू दिलंस, अम्मा? इतके महिने… रोज?"

"बोलू दिलं."

"का? एका शब्दाने माझं तोंड बंद झालं असतं!"

मैमुनाबींचे डोळे वाहू लागले होते, पण शब्द स्पष्ट होते. "बाळा, तुला कुणाला तरी दोष द्यायचाच होता. अन्नाला दिलास, मला दिलास. अन्नाला काय होतंय? आणि मी तुझी आई आहे, मला सोसतं. तो दोष तू स्वतःला दिला असतास, तर तुला कोणत्या डॉक्टरकडे नेलं असतं मी?"

हारुनला हुंदका आवरला नाही. लहानपणी पडून गुडघा फोडून घेतल्यावर यायचा तसा तो आईच्या मांडीशी आला आणि तिचे वाळलेले हात त्याने आपल्या कपाळाला लावले. ते हात इतके हलके कधी झाले, हे त्याला कळलंच नव्हतं! "माफ कर, अम्मा… मला माफ कर…"

"माफी कसली? बापावर जीव होता म्हणूनच चिडलास ना!"

त्यानंतर त्या घरात पुन्हा भात शिजू लागला आणि मैमुनाबींची तब्येत हळूहळू सावरली. हारुनने पुस्तिका फेकली नाही. काकडी, मुळा, मोडाचे मूग त्याला मनापासून आवडू लागले होते, ते तो जेवणासोबत आयुष्यभर खात राहिला. मात्र हे खाल्लं म्हणून ते होणार नाही, असं त्याने पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आईच्या मांडीवरून डोकं न उचलता त्याने दोन वर्षांत कधीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"अम्मा, शेवटी अब्बा कसे होते गं?"

आणि मैमुनाबी सांगू लागल्या. शेवटच्या महिन्यात ते किती हलके झाले होते, पहाटे खिडकी उघडायला सांगून गोदीतले आवाज कसे ऐकत पडायचे, सगळं. नोकरी परमनंट झाल्याचं हारुनचं पत्र आलं, ते हमदुल्लाभाईंनी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा खैरुद्दीन हसले, आणि म्हणाले, "आता बोलवा त्याला."

"मग का नाही बोलावलंत?"

"तार त्याच दिवशी लिहायला घेतली होती, बाळा," मैमुनाबी म्हणाल्या. "ती लिहून होईपर्यंत तिच्यातला मजकूर बदलावा लागला."

सूर्य मावळला, अंगणात मगरिबची बांग ऐकू आली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. खैरुद्दीनसाठी मायलेक त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडले.